एक सीडी मखरावर

घरातली गाण्याची सीडी हवी असेल तर सीडीच्या रॅकमध्ये शोधू नये. रॅकमध्ये कव्हरं असतात. सीड्या गावभर असतात. आमच्या पोलादपुरात त्यांचा पहिला पत्ता म्हणजे गणपतीचं मखर. पेनड्राइव्ह आले, सीड्यांना काम उरलं नाही, आणि नेमका तेव्हाच घराघरातल्या हौशी मंडळींना शोध लागला की सीडीच्या चकचकीत बाजूवर लाइटची माळ सोडली की इंद्रधनुष्य उमटतं. झालं. थर्माकोलच्या महिरपींवर सीड्या चढल्या. दुसरा पत्ता भाताचं खाचर. काठीला दोरा, दोऱ्याला सीडी, वाऱ्यावर गिरक्या घेत राहिली की पाखरं येत नाहीत, असा समज आहे. पाखरं पहिला आठवडा खरंच येत नाहीत. वानरं मात्र पहिल्या दिवशीच येतात, सीडी सोडवून घेतात, उलटसुलट बघतात आणि टाकून देतात. तिसरा पत्ता टेम्पोचा आरसा, लिंबू-मिरचीच्या शेजारी.

आमच्या गीतरामायणाच्या संचातली हरवलेली सीडी पहिल्या पत्त्यावर सापडली. माळ्यावरून मखर उतरवलं तर कमानीच्या मधोमध, गणपतीच्या मुकुटामागे जिथे प्रभावळ यायची, बरोबर तिथे ती चिकटलेली होती. वहिनी म्हणाल्या, ‘‘रामाची होती म्हणून मधे लावली. बाकीच्या सिनेमाच्या, त्या कडेला.’’ यावर वाद घालायला जागा नाही.

ही शोधाशोध सुरू झाली त्याचं कारण असं, की घरातल्या सगळ्या सीड्या एकदाच्या संगणकात उतरवायच्या, आणि त्याही लॉसलेस, म्हणजे मूळ तबकडीवरचा एक आकडाही न गमावता, असं मी घरात जाहीर केलं होतं. जाहीर करायला नको होतं असं नाही, पण आमच्याकडे एखादी गोष्ट जाहीर केली की ती आपली राहत नाही. पुण्याहून आलेला पुतण्या पहिल्यांदा हसला. ‘‘काका, हे सगळं ऑनलाइन आहे. तुम्ही नुसतं सर्च करा.’’ त्याने स्वतःच सर्च केलं. तेवढ्यात आंबेनळी घाटावरून ढग खाली उतरले आणि मोबाइलवरचं चक्र गरगरत बसलं. आमच्याकडे आषाढात रेंज आणि लाइट एकमेकांचा हात धरून जातात. लाइट कधीतरी परत येते. रेंज तिला शोधायला गेलेली असते.

पण रेंज असती तरी प्रश्न सुटला नसताच. गीतरामायण म्हणून जे सापडतं ते कुठलं, हे कोण सांगणार? १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं, तेव्हा माणिक वर्मा, लता मंगेशकर अशा वेगवेगळ्या गायकांनी त्यातली गाणी म्हटली होती. पुढे रेकॉर्डवर आली तेव्हा ५६च्या ५६ एकट्या बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, गायली. आमच्या घरातलं गीतरामायण म्हणजे हे दुसरं. आणि शेजारच्या वाडीतल्या मंडळाने परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचा सामना केला, त्याची सीडी काढली, ती चाकरमान्यांनी शिमग्याला गावी आणून घरटी एक वाटली, ती कुठल्या सर्चमध्ये येणार? पुतण्याने तीही शोधून पाहिली. पोलादपूर टाकलं की त्याला लोखंडी सळया दिसत होत्या.

तर मखर. मखरावरची सीडी काढायची म्हणजे आधी सीडी कशी बनते ते ठाऊक हवं, आणि इथेच सबंध महाराष्ट्राची समजूत उलटी आहे. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ही तबकडी बाजारात आणली १९८२ साली. आवाजाचं माप सेकंदाला ४४,१०० वेळा घ्यायचं, डाव्या कानाचं वेगळं, उजव्या कानाचं वेगळं, प्रत्येक माप १६ बिटचं. तासाभराच्या गाण्याचे असे सव्वासहाशे मेगाबाइटच्या वर होतात. बारा सेंटिमीटरच्या तबकडीत ही मापं बारीक खळग्यांच्या एकाच सलग वळशात लिहिलेली असतात, आतून बाहेर. तो वळसा उलगडून सरळ केला तर पाच किलोमीटरच्या वर जातो. पोलादपूरहून निघाला तर महाडला पोचणार नाही, पण हायवेवर चहाला नक्की थांबेल. आता लोक काय करतात? खालची चकाकती बाजू तळहातावरच्या फोडासारखी जपतात आणि वरच्या, छापील बाजूवर बॉलपेन दाबून लिहितात, ‘ताईकडची, परत देणे’. प्रत्यक्षात खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं भक्कम प्लास्टिक असतं. ज्यात गाणं आहे तो ॲल्युमिनियमचा थर वर असतो, चित्राच्या लगेच खाली, त्यावर पातळसा लाखेचा हात. खालचा चरा घासून घालवता येतो. वर बॉलपेन लागलं तर ‘परत देणे’ एवढं राहतं आणि परत देण्याजोगं काही राहत नाही.

मखरावर चकचकीत बाजू बाहेर हवी. म्हणजे फेव्हिकॉल लागणार तो नेमका छापील बाजूला. सीडी ओढून काढली असती तर दशरथाचं निम्मं घराणं थर्माकोलवर राहिलं असतं. फेव्हिकॉल पाण्याने मऊ पडतो हे आठवून मी कमानीचा तेवढा तुकडा कापला आणि रात्रभर बादलीत भिजत घातला. थर्माकोल बुडत नाही, म्हणून वर पाटा ठेवला. सकाळी आईने बादली पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि ‘‘यंदा मखराचंही विसर्जन का रे?’’ एवढंच विचारून ती पाटा घेऊन गेली. सीडी अलगद सुटली. ट्यूबलाइटसमोर धरली तर कडेला सुईच्या अग्राएवढी दोन-तीन भोकं दिसत होती, उजेड आरपार. शेवटच्या गाण्याला धक्का होता. बाकी सगळं धडधाकट निघालं.

पावसाळी हवेचा सीडीवर काय परिणाम होतो, यावर जगात थोडंफार लिहिलं गेलं आहे. २००१ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधून आलेल्या एका सीडीवर बुरशी सापडली. स्पॅनिश भूवैज्ञानिकाने ती ओळखली. ती कडेने आत शिरून ॲल्युमिनियमही खात होती आणि प्लास्टिकही. शास्त्रीय जगात मोठं नवल झालं. पोलादपुरातल्या माणसाला यात बातमी कुठली ते कळणार नाही. इथे श्रावणात चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, लग्नातल्या कोटावर येते, चष्म्याच्या घरावर येते, मागे एकदा तर देव्हाऱ्यातल्या पोथीच्या लाल कापडावर आली होती. आमच्या बुरशीची चव मात्र निराळी. तिने सीड्या सोडल्या आणि कव्हरातले कागद खाल्ले. म्हणजे गाणी राहिली, ती कोणाची ते गेलं. याचा त्रास पुढे झाला, तो पुढे सांगतो.

सीडी संगणकात झटपट कशी उतरवायची असं कोणी विचारलं तर माझं उत्तर आहे, आधी संगणक बंद ठेवा. घरातल्या सगळ्या तबकड्या चटईवर मांडा आणि वेगळ्या करा. वेळ वाचतो तो इथे. नाट्यगीतांच्या कव्हरात प्रिंटरच्या ड्रायव्हरची सीडी निघते. संतवाणीच्या कव्हरात मुदत संपलेला अँटिव्हायरस. एका डबीवर ‘गारवा’ लिहिलं होतं, आत बारशाचे फोटो होते आणि ते बाळ आता बारावीला आहे. व्हीसीडी तर ढीगभर, जाखडीच्या, डबलबारीच्या, आणि एका निवडणुकीच्या प्रचाराची, ती कशी आली ते कोणीच सांगेना.

पण सगळ्यात फसवी जात म्हणजे ‘एका सीडीत १५० गाणी’. ऑडिओ सीडीत ऐंशी मिनिटांच्या आसपास मावतात, त्याहून जास्त नाही. दीडशे मावली, म्हणजे ती एमपी३ आहेत, आणि एमपी३ करताना कानाला चटकन जाणवत नाही असं गृहीत धरलेलं सगळं आधीच काढून टाकलेलं असतं. एकदा टाकलं ते टाकलं. त्या फाइली पुन्हा लॉसलेसमध्ये गुंडाळल्या तर जागा चारपट जाते आणि गाण्यात एका कणाची भर पडत नाही. हे मी पुतण्याला समजावलं. तो म्हणाला, ‘‘म्हणजे बासमतीच्या गोणीत कणी भरायची.’’ मुलगा पुण्यात राहून बिघडला नाही, असं आई म्हणाली.

या एमपी३ सीड्यांनी एक करमणूक मात्र केली. नंतर लॅपटॉपवर लावल्या तेव्हा गाण्याच्या नावापुढे प्रकार दिसत होता, आणि तिथे प्रल्हाद शिंद्यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांपुढे लिहिलेलं होतं ‘ब्लूज’. भीमगीतांपुढे ब्लूज. हरिपाठापुढेही ब्लूज. मला वाटलं कोणा अभ्यासकाने फार खोल विचार केला आहे, अमेरिकेतल्या शोषितांचं गाणं आणि आपलं, असा काहीतरी. तसं काही नव्हतं. एमपी३च्या जुन्या पद्धतीत गाण्याच्या प्रकारांना क्रमांक दिलेले आहेत आणि शून्य क्रमांकाला ब्लूज आहे. दुकानात सीडी मारणाऱ्या पोराने तो रकाना भरलाच नाही, तिथे शून्य राहिलं. न भरलेल्या रकान्याने पंढरपूर थेट मिसिसिपीला नेऊन भिडवलं.

खऱ्या ऑडिओ सीड्या बाजूला निघाल्या तेव्हा त्या ढिगाचा चौथा हिस्सासुद्धा नव्हत्या. आता संगणक. हल्लीच्या लॅपटॉपला सीडीचं तोंडच नसतं, म्हणून यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह आणला. तो लॅपटॉपच्याच जिवावर फिरतो, त्यामुळे लाइट गेली की बॅटरी आमच्या डोळ्यांदेखत उतरते आणि तान अर्ध्यावर तुटते.

गाण्याची सीडी वाचणं हे साध्या फाइली कॉपी करण्याहून वेगळं काम आहे. फाइलीच्या सीडीत चूक दुरुस्त करायची जादा सोय असते. गाण्याच्या सीडीत ती कमी, कारण गाणं ऐकायचं असतं, तपासायचं नसतं. प्लेअरला एखादं माप वाचता आलं नाही तर तो थांबत नाही. मागचं माप काय, पुढचं काय, ते बघून मधलं अंदाजाने भरतो आणि पुढे जातो. भजनातला बुवा ओळ विसरला की ‘आऽऽ’ करून पुढची ओळ पकडतो, मागचे टाळकरी तेवढ्याच जोरात वाजवत राहतात, आणि माजघरातल्या बायकांना काही कळत नाही, ते हे. संगणकात उतरवताना असा बुवा चालत नाही. त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर आहेत. ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाचं एक १९९८च्या सुमारास एका जर्मन विद्यार्थ्याने लिहिलं, ते अजून चालतं. ते संशयी स्वभावाचं आहे. एकच जागा दोनदा वाचतं, दोन्ही उत्तरं जुळली तर पुढे, नाही तर पुन्हा, पुन्हा, पुन्हा. स्वच्छ सीडी पाच-सात मिनिटांत उरकते. चरे पडलेली असेल तर तुम्ही जेवून, वामकुक्षी करून, बाजारात जाऊन या, ते अजून तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या मिनिटाची उलटतपासणी घेत बसलेलं असतं.

इथे युक्ती आहे. सगळ्या सीड्या आधी एकदा भरधाव वाचायच्या, संशय न घेता. मग ‘ॲक्युरेटरिप’ला विचारायचं. जगभरातल्या लोकांनी आपापल्या सीड्या उतरवताना आलेल्या आकड्यांच्या बेरजा तिथे जमा आहेत. आपली बेरीज जुळली, तर सीडी बरोबर वाचली गेली. पुन्हा वाचायची गरज नाही. जुळल्या नाहीत त्याच रात्रपाळीला लावायच्या. तिथे किती जणांशी जुळलं तो आकडाही येतो. हिंदी सिनेमाच्या गाजलेल्या सीडीला तो चांगला भरघोस येतो. आमच्या गीतरामायणाच्या एका सीडीला आला २. म्हणजे या पृथ्वीवर आणखी दोघे आहेत, ज्यांनी तीच तबकडी घेतली, नीट पुसली आणि एका आकड्याचाही फरक न पडू देता उतरवली. न्यू जर्सीत असतील, दुबईत, डोंबिवलीत. त्यांच्या घरच्यांनीही त्यांना ‘सगळं ऑनलाइन आहे’ असं सांगितलं असणार.

ही बेरीज जुळण्यासाठी ड्राइव्हचं ऑफसेटही भरावं लागतं. प्रत्येक ड्राइव्ह गाणं थोडं आधी किंवा थोडं उशिरा सुरू करतो. आमचा सहा मापांनी चुकतो, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सात हजाराव्या भागाने. मुंबई-गोवा महामार्गावरच्या गावात राहणाऱ्या माणसाला उशिराचं इतकं बारीक माप घेता येतं हेच आधी पटत नाही.

उतरवलेलं गाणं ठेवायचं ‘फ्लॅक’मध्ये. हा प्रकार २००१ पासूनचा, फुकटचा, आणि मूळ आवाज जसाच्या तसा ठेवून निम्म्याच्या आसपास जागेत दाबणारा. त्यात शून्य ते आठ अशा पायऱ्या असतात. ‘‘आठ ठेवा काका, आवाज भारी येतो,’’ असं पुतण्या सांगत होता. आवाज सगळ्या पायऱ्यांवर तंतोतंत तोच येतो. आठला फक्त संगणक जास्त घाम गाळतो. मौज अशी, की काय किती दाबलं जातं ते आधी सांगता येत नाही. एका माइकवर ध्वनिमुद्रित झालेली जुनी भावगीतं पटकन लहान होतात, कारण दोन्ही कानांना एकच आवाज असतो आणि फ्लॅक तो एकदाच लिहून ठेवतो. पुलंचं कथाकथन घ्या. ते बोलतात तेवढं छान दाबलं जातं. हशा आणि टाळ्या मात्र दाबल्या जात नाहीत. त्यांत संगणकाला पकडता येईल असा काही क्रमच नसतो. आणि सगळ्यांत अवजड फाइल झाली ती त्या शक्ती-तुऱ्याच्या सीडीतल्या जाखडीची. घुंगरं, ढोलकी, त्यावर झांज. शक्तीवाल्यांनी तुरेवाल्यांना सवाल टाकला त्या पाच मिनिटांनी एका अख्ख्या अभंगाएवढी जागा घेतली.

गाणी उतरली, आता नावं. तबकडीवर आवाज असतो. नावं बहुतेक वेळा नसतातच. गाणी किती आणि कुठलं गाणं किती लांबीचं, एवढ्यावरून संगणक कुठल्यातरी साठ्यात शोध घेतो आणि सीडी कोणती ते सांगतो. दहा-बारा गाणी असली तर सहसा बरोबर सांगतो. आमच्या हरिपाठाच्या सीडीत एकच सलग ट्रॅक. त्या लांबीच्या एकट्रॅकी सीड्या जगात कितीतरी. त्याने तीन पर्याय दिले. पहिला फिनलंडमधल्या एका वाद्यवृंदाचा, दुसरा समुद्राच्या लाटांचा, झोप येण्यासाठीचा. तिसरा त्याला स्वतःलाच माहीत नव्हता. आईने लाटांचा निवडायला सांगितला, ‘‘तेवढाच झोपेला उपयोग.’’

बरं, साठ्यात मराठी सीडी सापडली तरी समाधान नाही. एका सज्जनाने सुधीर फडके हे नाव एकाच संचात चार तऱ्हेने लिहिलं होतं, त्यामुळे संगणकाने चार सुधीर फडके केले. खरी पंचाईत याहून मोठी. साठ्यातल्या या रकान्यांत कलाकार बहुतेक वेळा एकच असतो. आपल्याकडे गाणं रेडिओवर लागलं की निवेदक गीत कोणाचं, संगीत कोणाचं, स्वर कोणाचा, तिन्ही सांगितल्याशिवाय सुई टेकवत नसे. मग गीत लिहिणाऱ्या गदिमांना कुठे बसवायचं? ते टिपणीच्या रकान्यात जातात, जिथे लोक ‘छान गाणं’ असं लिहितात. ‘साधी माणसं’ या सिनेमाची गाणी उतरवताना तर घरात वाद पेटला. संगीतकार आनंदघन, गायिका लता मंगेशकर. दोन्ही एकच. पुतण्या म्हणाला एक नाव करा. मी म्हटलं, बाईंनी मुद्दाम वेगळं नाव घेतलं, ते आपण खोडायचं नाही. वहिनींनी मधे विचारलं, ‘‘आनंदघन म्हणजे कोण हो, त्या मखरावर आहेत का?’’

सालाचा रकाना आणखी अवघड. ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आलं १८८२ साली, त्यातलं पद गायलं गेलं त्यानंतर कित्येक दशकांनी, सीडी निघाली त्यानंतर कधीतरी. कुठलं साल घालायचं? मी १८८२ घातलं. प्लेअरने सालवार यादी लावली तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्कर सगळ्यांच्या वर बसले, ते मला योग्य वाटलं. नंतर लक्षात आलं की सौभद्र आणि सीडी यांच्यात बरोब्बर शंभर वर्षं आहेत. या माहितीचा उपयोग कोणालाच नाही, मलाही नाही, पण ती मी येईल त्याला सांगतो.

बुरशीने कागद खाल्लेल्या सीड्यांची गत तर सांगायलाच नको, आणि त्यात महाडच्या आत्याची पिशवी आली. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, त्यात आत्याच्या घरी तळमजला बुडाला. पुस्तकं गेली, तानपुरा गेला, सीड्यांची पेटी चिखलातून तीन दिवसांनी वर निघाली. आत्याने त्या तबकड्या पातेल्यात साध्या पाण्याने धुतल्या, मधल्या भोकांतून सुतळी ओवली आणि गच्चीवर लुगड्यांच्या दोरीला शेजारी शेजारी वाळत घातल्या. समोरच्या घरातून लोक विचारायचे, हे काय, पापड का? कागद सगळे लगदा झाले होते. ज्यांच्यावर छपाई होती त्या ओळखू आल्या. घरी कॉपी केलेल्यांवर मार्करची अक्षरं होती, ती पुराने पुसली. आत्या एकेक लावायची, दोन सेकंद ऐकायची आणि नाव सांगायची. स्वर लागायच्या आधी, नुसता तंबोरा सुरू झाला तरी सांगायची. पुतण्याने फोनवर गाणं ओळखणारं ॲप लावून तिच्याशी शर्यत लावली. ॲपला तंबोऱ्यावर काहीच सांगता येईना. जाहिरात तेवढी दाखवली.

पुरानंतर बॅकअपचा विषय कोणाला समजवावा लागत नाही. पोलादपुरात तर नाहीच. इथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवछत्रपतींवर त्यांनी संस्कृतात ‘शिवभारत’ लिहिलं, ते कुठे मिळालं? पार तंजावरला. तिथल्या प्रतीवरून १९२७ साली ते छापून निघालं. घाटाखालच्या पावसात ठेवलं असतं तर आज आपल्या हाती काय आलं असतं, देव जाणे. तेही बत्तिसाव्या अध्यायात अर्ध्यावर थांबतं. काहीही उतरवा, शेवटी एक ट्रॅक अपुरा राहतोच. म्हणून मी एक हार्ड डिस्क इथे ठेवली आणि दुसरी पुतण्याबरोबर पुण्याला पाठवली. फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाची बेरीज लिहिलेली असते, तेव्हा फाइल किडली की नाही ते वर्षा-दोन वर्षांनी तपासता येतं. पुतण्याने डिस्कवर पट्टी चिकटवली आहे, ‘तंजावर’.

गणपतीत पहिली चाचणी झाली. आळीतल्या मंडपात साउंडवाल्याला पेनड्राइव्ह दिला. त्याने तो ॲम्प्लिफायरला लावला, बटणं दाबली, पडद्यावर ‘नो फाइल’. पुन्हा लावला, फुंकर मारली. ‘‘दादा, यात काय नाय.’’ मी म्हटलं, यात सगळं आहे, मुळातलं, कणभरही कमी नाही. ‘‘असेल, पण एमपी३ नाय ना?’’ त्याच्या यंत्राला फ्लॅक कळत नव्हतं. घरी येऊन सगळ्याचं एमपी३ केलं. इतके दिवस जे जपलं ते अर्ध्या तासात काढून टाकलं. मंडपात कर्णा लावून ते वाजलं, आणि दोन गल्ल्यांपलीकडून निरोप आला, आवाज झकास येतोय.

घरात मात्र आप्पा होते. आप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, भजनी मंडळातले जुने टाळकरी. त्यांच्या अभंगाच्या सीडीला चरा होता, तिसऱ्या अभंगात ती एक ओळ गाळून उडी मारायची. ती मी टूथपेस्ट लावून, मधून कडेकडे घासून घासून साफ केली, रात्रपाळीला लावली, आणि संशयी सॉफ्टवेअरने पहाटेपर्यंत ती ओळ परत मिळवली. आप्पांना पेनड्राइव्ह दाखवला तर ते म्हणाले, ‘‘ह्या डबीचं मी काय करू? मला सीडी दे.’’ फ्लॅकची पुन्हा सीडी मारता येते, आणि गाणं मुळाबरहुकूम उतरतं, त्याचाच तर एवढा खटाटोप. पण कोऱ्या सीड्या कुठे मिळतात आता? महाडला एका स्टेशनरीवाल्याने माळ्यावरून पन्नासचा डबा काढला, फडक्याने पुसला, आणि सुटी एक द्यायला साफ नकार दिला. ‘‘घ्यायचा तर डबा घ्या. पुन्हा कोण येणार आहे?’’

आप्पांना नवी सीडी लावून दिली. पहिले दोन अभंग ते डोळे मिटून, मांडीवर ताल धरून म्हणत होते. तिसऱ्याला डोळे उघडले. ‘‘ह्यात उडी नाही.’’ म्हटलं, आप्पा, ती चूक होती, आता ओळ पूर्ण आहे. ‘‘मला जुनी दे.’’ जुनी दिली. तीही आता टूथपेस्टने बरी झालेली. दोन्ही आळीपाळीने लावून झाल्या. शेवटी त्यांनी ठेवली ती नवीच, पण त्या जागी आले की ती ओळ ते स्वतः गाळतात आणि पुढचं म्हणू लागतात. त्यांच्या मंडळातले सगळेच गाळतात, इतक्या वर्षांची सवय. सीडी मागे राहते, आणि आप्पा टाळ थांबवून तिच्याकडे बघत बसतात, कधी येतेय म्हणून.